पाकीट

दानाची पिशवी माझ्या ओळीला पोचायच्या आधी
मी उठले.
पाकीट बाकावर ठेवलं, वर चष्म्याचं घर,
पंख्याने उडू नये म्हणून.

वचन नवं नव्हतं. पाठ होतं.
ते न अडखळता म्हटलं म्हणून
मिशनच्या शाळेत मला एक पेन्सिल मिळाली होती.
वेदीपाशी आलीस आणि भावंड आठवलं
तर दान तिथंच ठेव, आधी जा.
दरवेळी ऐकलं की मी रिबकाचं खातं उघडायचे:
आईचं शिलाई मशीन तिने नेलं,
विचारलं नाही.
तिला माफ केलंय का मी, एवढंच तपासायचे
आणि बहुतेक केलंय, असं म्हणून
पाकीट टाकायचे.

आज पाळकसाहेबांना मध्येच खोकला आला.
ते थांबले, पाणी प्याले,
आणि तेवढ्या वेळात वाक्य
माझ्यासमोर तसंच उघडं राहिलं.
तिच्या मनात. तुझ्याविरुद्ध.
उलटं नव्हे.

मिरजेच्या इस्पितळात, कपड्यांच्या खोलीत
मी एकतीस वर्षं चादरी मोजल्या.
मोजण्यात माझी चूक होत नाही.

महापुराच्या साली सांगलीवाडीहून फोन आला होता.
पाणी पायरीला लागलंय आक्का, आठ दिवस येऊ का?
मी म्हटलं, घरात रंगकाम काढलंय.
काढलं होतं. खोटं नव्हतं ते.
एका खोलीचं.

बसमध्ये कंडक्टरने सुट्टे मागितले.
सुट्टे सगळे पाकिटात, देवाकडे.
शंभराच्या नोटेवरून तो बराच बोलला,
मी ऐकून घेतलं, सराव म्हणून.
विश्रामबागला उतरावं, परत जावं, म्हणून उठलेसुद्धा.
तेवढ्यात माझी जागा कुणीतरी घेतली
आणि दार लागलं.
मग उभीच गेले.

आयर्विन पुलावरून चालत.
खाली कृष्णा, कडेला म्हशी बसलेल्या,
कुणाच्या घरात कधी शिरली असेल
असं वाटू नये, इतकी शहाणी.

रिबकाच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे.
माझ्या खांद्याच्या वर. चहाच्या डागाच्या रंगाची.
ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.
"मशीन न्यायला आलीस व्हय? गंजलंय. बघ, पडलंय तिकडं."

मशीनसाठी नाही, मी म्हटलं.
वाटेत जुळवलेलं सगळं विसरून म्हटलं,
रंगकाम एकाच खोलीचं होतं.

तिने एक खडा काढला, बाहेर टाकला.
"ठाऊक हाय. दोन खोल्या मोकळ्या हुत्या.
तुझ्याच सुनेनं सांगितलं, तवाच."
दुसरा खडा.
"शाळेच्या व्हरांड्यात नऊ रात्री काढल्या.
मोजल्या मी. मोजायला तूच शिकवलंस."

मला वाटलं होतं, रडू येईल. दोघींनाही.
आलं नाही.
समेट कर, असं लिहिलंय.
समोरच्याने काय करावं, याची ओळ
त्या वचनात मला कधी सापडलेली नाही.

तिने चहा आणला, बिनसाखरेचा.
माझा मधुमेह तिच्या लक्षात होता
की घरातली साखर संपली होती,
विचारलं नाही.
सूप माझ्याकडे ओढलं, अर्धे तांदूळ घेतले.
ते निवडून होईपर्यंत
आम्ही फक्त खड्यांविषयी बोललो.

मिरजेत परतले तर चर्चला कुलूप.
पायरीवर सायमन उबाळे, एका हातात चष्म्याचं घर,
दुसऱ्यात पाकीट.
"पिशवीत टाकत होतो. पाळकसाहेब म्हणाले, राहू दे, येतील त्या."
आता घ्या, मी म्हटलं.
"आता कसं? हिशोब लिहून झालाय.
पुढच्या रविवारी."

पाकीट फ्रीजवर ठेवलंय.
निघताना रिबकाला म्हटलं होतं, बुधवारी ये, मुक्कामाला ये.
येते म्हणाली नाही.
बघू म्हणाली नाही.
चप्पल घालेपर्यंत दारात थांबली, एवढंच.

आज मंगळवार. मागची खोली झाडून काढली,
गादीला ऊन दाखवलं.
भिंत अजून कोरी आहे,
वरपासून खालपर्यंत
एकसुद्धा रेघ नाही.